कुंडीसकट वजन

"काटा घेऊन ये. मोठा," काशीद हवालदार फोनवर म्हणाला.

"कुठं?"

"शेवंता सिस्टरच्या घरी. गांजा सापडलाय."

मला वाटलं, यानं सकाळीच घेतलेली दिसतेय. शेवंता उबाळे आमच्या टाकळी फाट्याच्या आरोग्य केंद्रात चोवीस वर्षं नर्स होती. माझ्या दोन्ही पोरी तिच्याच हातावर झाल्या. रिटायर होऊन पाच वर्षं झाली तरी कुणाला इंजेक्शन टोचायचं, कुणाचं ड्रेसिंग बदलायचं, लोक तिच्याच दाराशी उभे राहायचे.

"काशीद, थट्टा बास."

"थट्टा नाही भिकाशेठ. साहेब खुर्ची टाकून बसलेत. आणि काटा पुसून आण, फोटो काढायचेत."

मी भिका ढवळे. फाट्यावर माझं भंगाराचं दुकान. पोलिसांना काही मोजायचं झालं की माझाच काटा लागायचा. चोरीची तांब्याची तार, अवैध वाळू, एकदा तर मेलेलं रानडुक्कर. माझा काटा इलेक्ट्रॉनिक, शंभर किलोचा, टेम्पोत टाकून कुठंही नेता यायचा. आणि मी भंगारवाला. भंगारवाला पोलिसांना नाही म्हणत नसतो. त्यांना वाटलं तर माझ्या आवारातला प्रत्येक पंप चोरीचा ठरू शकतो.

आता काट्याचं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. माझ्या काट्याला खालच्या बाजूनं दोन बटणं होती. डाव्या पायाजवळचं खरेदीचं. बुटाच्या टोकानं एकदा दाबलं की शंभर किलोचे नव्वद दिसायचे. दोनदा दाबलं की ऐंशी. पण ते फक्त अनोळखी माणसांसाठी, गाववाल्यांना मी एकदाच दाबायचो. उजव्या पायाजवळचं विक्रीचं. फॅक्टरीची गाडी आली की ते दाबायचं, शंभराचे एकशे दहा. आमच्या धंद्यात हे सगळेच करतात. मी करतो म्हणून मला लाज वाटत नव्हती, आणि सगळे करतात म्हणून मी काही साधू होत नव्हतो. जे होतं ते असं होतं.

हे फौजदार निंबोरेला माहीत होतं. दोन महिन्यांपूर्वी तो एका चोरीच्या मोटारीच्या मागे माझ्या आवारात आला होता. मोटार सापडली नाही, बटणं सापडली. त्यानं केस केली नाही. नुसता हसला आणि म्हणाला, "राहू दे. कधीतरी कामाला येईल."

सिस्टरचं घर म्हणजे दोन खोल्या आणि पुढं फरशी घातलेलं अंगण. अंगणात कोरफड, गवती चहा, कढीपत्ता, आणि भिंतीलगत दोन मोठ्या मातीच्या कुंड्या. कुंड्यांत छातीएवढी दोन झाडं. पानं हाताच्या पंज्यासारखी. लपवलेली अजिबात नव्हती. गल्लीतल्या कुणीतरी गवती चहाची पात न्यायला येऊन फोटो काढला होता आणि तो फिरत फिरत फौजदाराच्या मोबाईलवर गेला होता.

निंबोरे खुर्चीत बसला होता. तिशीचा, कडक इस्त्रीचा, आमच्याकडं येऊन सहा महिने झालेला. त्या आठवड्यात जिल्ह्यात अमली पदार्थविरोधी पंधरवडा चालू होता आणि आमच्या ठाण्याच्या नावावर एकही केस नव्हती. काशीद हवालदार पोट सांभाळत उभा. त्याला निवृत्तीला आठ महिने उरले होते. सरकारी पंच म्हणून दोन माणसं: पंचायत समितीचा एक शिपाई, जो आल्याबरोबर कोऱ्या कागदावर सही करून सावलीत जाऊन बसला, आणि कृषी सहायक तांबोळी मॅडम. रेहाना तांबोळी, नोकरीला दीड वर्ष झालेलं, हातात लिहायचं पॅड, दोन पेनं. काशीदनं मला हळूच सांगितलं, "हिला झाड ओळखायला आणलंय. ती मघापासून सगळंच लिहून घेतेय."

आणि सिस्टर. ओट्यावर बसलेली, पदर खांद्यावरून घेतलेला, ड्युटीवर बसायची तशी ताठ.

"आला का चोर?" निंबोरे मला बघून म्हणाला. मग पंचांकडं वळून मोठ्यानं म्हणाला, "माणूस चोर आहे, पण काटा प्रामाणिक आहे याचा."

शिपाई हसला. तांबोळी मॅडमनं मान वर केली. "सर, हे पंचनाम्यात घ्यायचं का?"

"घेऊ नका."

आतून ओकारीचा आवाज आला. कोरडी ओकारी, पोटात काही नसताना येते ती. सिस्टर उठली.

"बसा," निंबोरे म्हणाला. "पंचनामा चालू आहे."

"साहेब, ते पडतात बादलीवर. धरावं लागतं."

"काशीद, बघ रे."

काशीद आत गेला आणि लगेच बाहेर आला. "बघितलं साहेब. ओकतायत."

आत सिस्टरचा नवरा होता. दत्तोबा उबाळे, एसटी डेपोतला मेकॅनिक. जठराचा कॅन्सर. जिल्ह्याला केमो चालू होती. पोटात गेलेलं सगळं उलटून यायचं, पाणीसुद्धा. डॉक्टरांच्या गोळ्यांनी दोन दिवस फरक पडायचा, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग पुण्याच्या एका वैद्यांनी भांगेच्या पानांच्या अर्काची बाटली लिहून दिली. रीतसर. छापील लेबल, लायसन्स नंबर, सोबत वैद्यांची चिठ्ठी. ती बाटलीही त्या सकाळी अंगणात स्टुलावर मांडून ठेवली होती, आरोपीच्या शेजारी आणखी एक आरोपी उभा करावा तशी.

निंबोरेनं बाटली उचलली. "हे काय?"

"औषध आहे साहेब. चिठ्ठी खाली आहे."

"कशाचं?"

"त्याच झाडाच्या पानांचं."

निंबोरेनं बाटलीकडं बघितलं, मग कुंडीकडं. "म्हणजे बाटलीत असलं की औषध?"

"हो."

"आणि कुंडीत असलं की?"

"ते तुम्ही सांगायचं. त्यासाठीच आलात ना?"

"मग बाटली असताना झाड कशाला लावलं?"

"बाटली महिन्याला एक येते. यांना दहा दिवस पुरते. उरलेले वीस दिवस काय करायचं, ते चिठ्ठीत लिहिलेलं नाही."

तांबोळी मॅडमनं घसा साफ केला. "सर, एक सांगू का? मी काल कायदा वाचलाय. केंद्राच्या कायद्यात गांजा म्हणजे झाडाचा फुलं आलेला शेंडा. पानं आणि बिया त्यात धरत नाहीत. पानांना राज्याचा दारूबंदीचा कायदा आहे, तो वेगळा."

"पानं धरत नाहीत?"

"शेंड्यासोबत असतील तर धरतात. एकटी असतील तर नाही."

निंबोरे विचारात पडला. "म्हणजे तेच पान. एकटं सापडलं तर गांजा नाही. फुलाच्या शेजारी सापडलं तर गांजा."

"संगत वाईट, साहेब," काशीद म्हणाला. "आमच्या थोरल्याचंही तसंच झालं."

"तोंड बंद ठेव. आणि लावण्याचा गुन्हा?"

"तो आहेच, सर. एक झाड लावलं तरी गुन्हा," तांबोळी मॅडम म्हणाली. मग जरा घुटमळून, "पण मग फुलं वेगळी काढून वजन करायला पाहिजे. मला वाटतं सगळी मिळून पाव किलो भरतील."

"फुलं काढली की उद्या वकील म्हणणार, पोलिसांनी पुराव्याची मोडतोड केली. जे जसं सापडलं तसं जप्त करायचं. तसंच वजन करायचं."

"कुंडीसकट, सर?"

"झाड कुंडीत आहे का बाहेर?"

"कुंडीत."

"मग?"

तिनं लिहून घेतलं. मी वाचलं वाकून. 'झाड कुंडीत आहे.'

निंबोरे उठून माझ्याजवळ आला, खांद्यावर हात टाकला आणि मला गवती चहाच्या वाफ्याकडं नेलं. "वीस किलो," तो पुटपुटला. "वीसच्या वर गेलं की कमर्शियल. कमीत कमी दहा वर्षं, आणि जामीन विसरायचा. वीसच्या खाली राहिलं तर ही बाई आठ दिवसांत घरी. अशा केसला पेपरात दोन ओळी मिळतात. कळलं?"

"साहेब, म्हातारी नर्स आहे ती."

"नर्स आहे म्हणूनच हेडिंग होईल. उजव्या पायाचं बटण दाब."

"साहेब—"

"का तुझी बटणं पंचनाम्यात घेऊ?"

मी परत काट्याजवळ आलो. सिस्टर माझ्याकडंच बघत होती. मघाचं कुजबुजणं तिला ऐकू गेलं नसणार, पण काशीदनं तिला वीस किलोचं आधीच सांगितलेलं होतं, कारण ती म्हणाली, "काशीद, आठ दिवसांचं मी बघेन. शेजारची पेज करून देईल. पण त्याच्यावर गेलं तर हा माणूस उपाशी जाईल रे."

"मी काय करणार सिस्टर? काटा बोलेल ते," काशीद म्हणाला.

मी काटा मांडला. काशीदनं आणि मी एक कुंडी उचलून ठेवली, मग दुसरी. माझा उजवा पाय बटणावर होता. खरं सांगतो, होता. मी दाबणार होतो. मला दोन पोरी, आवारात बारा टन माल, आणि त्यातला किती माल कुणाचा, ते मलाही माहीत नव्हतं.

"हां, दाबा, म्हणजे लावा," निंबोरे म्हणाला. आणि पंचांकडं बघून पुन्हा तेच: "बघा, चोराच्या हातानं कायद्याचं काम."

शिपाई पुन्हा हसला.

मी डावा पाय दाबला.

दया वगैरे काही नव्हतं त्यात. डोकं सटकलं, बस. मी चोर असेन, पण तो शब्द माझ्याच काट्याजवळ उभं राहून दोनदा ऐकायचा?

आकडे फिरले आणि थांबले. सतरा किलो शंभर ग्रॅम.

निंबोरे आकड्याकडं बघत राहिला. मग माझ्याकडं. "परत लाव."

कुंड्या उतरवल्या, परत चढवल्या. सतरा किलो शंभर.

"काट्यात काही बिघाड आहे का?" त्यानं दात आवळून विचारलं.

"नाही साहेब. दोन महिन्यांपूर्वी आपणच तपासलाय."

त्याची नजर माझ्या बुटाकडं गेली. बटणाचं बोलला असता तर पंच विचारणार, साहेब, तुम्हाला माहीत होतं तर हा काटा आणला कशाला? तांबोळी मॅडम तर नक्कीच विचारणार. तिचं पेन तयारच होतं.

"झाड सुकलंय," निंबोरे म्हणाला. "माती बघा कशी कोरडी पडलीय. पुरावा जिवंत ठेवणं आपलं काम आहे. काशीद, पाणी घाल."

"साहेब?"

"पाणी! बादली!"

काशीदनं बाथरूमजवळची बादली आणली आणि दोन्ही कुंड्यांत ओतली. बरंचसं फरशीवर गेलं, उरलेलं मुरलं. आयुष्यात पहिल्यांदा मी पोलिसांना गांजाला पाणी घालताना बघितलं. सिस्टरही बघत होती. "उजव्या कुंडीला कमी घाल," ती म्हणाली. "मुळं कुजतील."

वजन केलं. एकोणीस किलो तीनशे पन्नास.

निंबोरेच्या चेहऱ्यावर रंग आला. "बघा! तहानलेलं होतं बिचारं." मग अंगणभर नजर फिरवली. "झाडांना आधाराच्या काठ्या होत्या ना? त्या त्या कोपऱ्यातल्या? त्या लावा परत. आणि कुंडीखाली ताटल्या असतात, त्या कुठं आहेत?"

"धुवायला काढल्यात," सिस्टर म्हणाली.

"त्या पण मुद्देमाल आहेत. आणा. पाणी भरून आणा, झाड पितं त्यातलं."

काठ्या आल्या. ताटल्या आल्या. एक तांब्या पाणी आणखी आलं. आता माझ्या मनात आकडेमोड चालली होती, आणि ती जमत नव्हती. एकदा दाबलेल्या बटणावर हा सगळा डोलारा वीसच्या वर जाणार हे मला दिसत होतं. थोडं, शे-दीडशे ग्रॅमनं. पण कायद्याला तेवढं पुरतं.

कुंड्या काट्यावर ठेवेस्तोवर मी डाव्या पायाची टाच उचलली आणि आणखी एकदा दाबलं.

सतरा किलो नऊशे वीस.

आत दत्तोबा खोकला.

"मॅडम," काशीद हळूच म्हणाला, "लिहिलं का?"

"लिहिलंय." तिनं वाचून दाखवलं. "'पाणी, काठ्या व ताटल्या वाढवल्यानंतर झाडांचे वजन एक किलो चारशे तीस ग्रॅमने घटले.' सर, कारण काय लिहू?"

"काय कारण लिहिणार तुम्ही?"

"बाष्पीभवन?"

"जानेवारीत? दोन मिनिटांत? दीड किलो?"

"मग 'कारण समजून आले नाही' लिहिते."

निंबोरेनं टोपी काढली. "काशीद, तुझं वजन किती?"

"ब्याऐंशी, साहेब. मेडिकलला परवाच झालंय."

"चढ काट्यावर."

काशीद बूट काढून चढला. आता पाय मागं घ्यायचा तर सगळंच बाहेर येणार होतं. पासष्ट किलो सहाशे.

काशीद आकड्याकडं बघतच राहिला. मग त्याचा चेहरा उजळला. मला वाटतं नोकरीतल्या शेवटच्या वर्षात त्याला एवढा आनंद कधीच झाला नसेल. "साहेब! बायकोनं भात बंद केलाय तीन आठवडे झाले. मी म्हणत होतो पँट सैल होतेय!"

"गाढवा, परवा ब्याऐंशी होतास!"

"मेडिकलचा काटा खोटा असेल साहेब. सरकारी आहे तो."

"हा काटा खोटा आहे!" निंबोरे ओरडला. ओरडला आणि मग त्यालाच कळलं आपण काय बोललो.

तांबोळी मॅडमनं पेन थांबवलं. "सर, हा काटा खोटा आहे, असं लिहू?"

काशीदचा चेहरा एकदम बदलला. तीस वर्षं पंचनामे लिहिलेला माणूस होता तो. तो खाली उतरला, बूट न घालताच फौजदाराच्या कानाशी गेला. मी जवळच होतो, मला ऐकू आलं.

"साहेब, ते नका लिहू. तालुक्यातले मागचे अकरा पंचनामे याच काट्यावरचे आहेत. तीन माणसं आत आहेत त्यातली. हा खोटा ठरला तर तिघं उद्या बाहेर, आणि आपण दोघं आत."

फरशीवरचं पाणी वाहत निंबोरेच्या बुटापर्यंत आलं.

"रेशन दुकानाचा काटा मागवू, सर?" तांबोळी मॅडमनं विचारलं. "पण मग ही चार वजनं पंचनाम्यात आहेतच. खाडाखोड चालत नाही. दोन काट्यांची दोन वजनं का, ते लिहावं लागेल."

"पहिलं लिहा," निंबोरे म्हणाला. "सतरा-शंभर. बाकी काही घडलं नाही. पान बदला."

"पानावर नंबर आहेत, सर."

"मग मॅडम, तुम्हाला काय करायचंय ते करा!"

तिनं पहिलं वजन अंतिम म्हणून घेतलं, आणि बाकीची तीन तशीच ठेवली. 'अधिक माहितीसाठी' असं वर लिहून.

कुंड्यांना कापड बांधून, लाख लावून सील केलं. झाडं एवढी उंच होती की कापड शेंड्यापर्यंत पुरेना, मग काशीदनं शेंडे वाकवून बांधले. ती दोन बुरखे घातलेली झाडं पोलीस गाडीत सिस्टरच्या शेजारी बसली. बाटली निंबोरेनं स्टुलावरच सोडली. तिच्यावर लायसन्स होतं.

गाडी सुटायच्या आधी सिस्टरनं मला खुणेनं बोलावलं. "आत जा. त्यांना डाव्या कुशीवर कर. पाणी चमच्यानंच दे."

मी आत गेलो. दत्तोबा मला म्हणाले, "काय गोंधळ होता रे बाहेर? नळाचं कनेक्शन तोडायला आले का?"

"हो," मी म्हणालो.

वीसच्या खाली होतं म्हणून सहाव्या दिवशी जामीन झाला. केसच्या अजून तारखा पडतात. सात वर्षं झाली. सिस्टर प्रत्येक तारखेला वेळेवर जाते, तांबोळी मॅडमची मराठवाड्यात बदली झाली, निंबोरेला बढती मिळाली. सरकारी वकील दर वेळी त्या चार वजनांचं पान उघडतो आणि पुढची तारीख मागतो. गावात ही गोष्ट मी अनेकदा सांगितलीय. पारावर, लग्नात, टेम्पो थांबवून. लोक पोट धरून हसतात. काशीदच्या वजनापाशी तर एकजण खुर्चीवरून पडला होता. गावातले लोक मला मानतात त्या दिवसापासून. भिकानं सिस्टरला सोडवली, असं म्हणतात.

तिथपर्यंतच सांगतो मी. पुढचं आज पहिल्यांदा लिहितोय.

जामिनावर सुटल्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमाराला, सिस्टर माझ्या दुकानात आली. सहा दिवसांत दत्तोबांच्या पोटात काही टिकलं नव्हतं. माझी बायको कमल पेज घेऊन जायची आणि रिकामी बादली धुऊन परत यायची. बाटली तिसऱ्या दिवशीच संपली होती.

सिस्टर लोखंडी पाइपांच्या ढिगाशेजारी स्टुलावर बसली. मी चहा मागवला.

"भिका, त्या दिवशी तुला बोलवायचं कुणी सुचवलं, माहितीय?"

"साहेबानं."

"साहेब जवळ पडतो म्हणून रेशन दुकानाचा काटा आणायला माणूस पाठवत होता. मी म्हटलं, त्या काट्याचा भरवसा नाही, भिकाचा काटा खरा आहे, सगळा गाव सांगेल. साहेब हसला. म्हणाला, बरोबर, त्यालाच बोलवा."

मला काही कळेना. "पण सिस्टर, माझा काटा…"

"चोवीस वर्षं बाळं मोजली मी. झोळीत टाकायच्या आधी हातालाच कळायचं मला, पन्नास ग्रॅमचा फरक पडायचा नाही. रिटायर झाल्यापासून चार वेळा तुझ्याकडं रद्दी आणलीय. दर वेळी दहा किलोची नऊ केलीस."

माझे कान तापले. "मग बोलला का नाहीत?"

"म्हटलं, असू दे. एखादा लबाड ओळखीचा असलेला बरा. पुढं कधी लागेल सांगता येत नाही."

ती हसली. मीही हसलो. तिनंही माझ्या चोरीवर भरवसा ठेवला होता आणि फौजदारानंही. प्रामाणिकपणावर कुणीच ठेवला नव्हता, आणि त्यात दोघांचंही चुकलं नव्हतं.

मग ती म्हणाली, "अजून एक काम आहे. बी आहे माझ्याकडं. रोपाला तीन आठवड्यांत पानं येतात. फुलं येऊ द्यायची नाहीत, शेंडा खुडत राहायचा. पण माझ्या अंगणावर आता सगळ्यांचा डोळा आहे. तुझ्या आवारात मागं, त्या बसच्या सांगाड्यात, ऊन येतं. तिथं कुणी बघत नाही. मी येऊन पाणी घालीन. तुला हातही लावायला नको."

मी चहाचा कप खाली ठेवला.

त्याच आठवड्यात वजनमापे खात्याचा निरीक्षक माझ्याकडं येऊन गेला होता. कागदावर काहीच न लिहिता काटा सील करून गेला होता. कुणी पाठवला ते सांगायला नको. निंबोरे रोज संध्याकाळी दुकानासमोर गाडी थांबवून पाच मिनिटं नुसता बसायचा, उतरायचा नाही. हे सगळं खरं आहे. मी तिला हे सगळं सांगितलं. पोरींचं सांगितलं. बारा टन मालाचं सांगितलं.

"म्हणजे नाही म्हणतोस," ती म्हणाली.

"सिस्टर, त्या दिवशी डोकं सटकलं होतं. आता शांत आहे, आता भीती वाटतेय."

"हं." तिनं चहा संपवला, कप पुसून बाजूला ठेवला. "बरं. विचारून बघितलं."

रागावली नाही. कमलच्या गुडघ्याची चौकशी केली, मोठीच्या परीक्षेचं विचारलं, आणि पाइपांच्या ढिगाला वळसा घालून गेली.

पुढची बाटली पुण्याहून यायला एकवीस दिवस लागले. आली तेव्हा दत्तोबांना चमचाही गिळता येत नव्हता. फेब्रुवारीच्या शेवटच्या मंगळवारी गेले.

मी सकाळीच गेलो. अंगणात माणसं जमलेली, काशीदसुद्धा साध्या कपड्यांत आलेला. सिस्टर ओट्यावर बसली होती, तशीच ताठ. मी जवळ जाऊन उभा राहिलो. तीच बोलली, हळू, फक्त मला ऐकू जाईल इतकं.

"एकतीस."

"काय?"

"किलो. डेपोत होते तेव्हा सत्त्याहत्तर भरायचे. काल अंघोळ घालायला उचललं तेव्हा एकतीस."

"सिस्टर, इतकं कमी कसं असेल," मी म्हणालो. "मोठा माणूस आहे."

तिनं माझ्याकडं बघितलं.

"मी एकटीनं उचललंय त्यांना, भिका," ती म्हणाली. "एका हातानं."